खाडी, ताड आणि मोहाचं फूल

शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा 1878 हे साल मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहीत असे. पाठ्यपुस्तकात त्या सालापुढे लॉर्ड लिटनचा देशी वृत्तपत्र कायदा आणि शस्त्रकायदा येतो. मुलं दोन्ही पाठ करतात आणि परीक्षेत उतरवतात. पण सफाळे ते केळवे या पट्ट्यातल्या माणसाच्या चुलीपर्यंत पोचले ते कायदे दुसरेच, आणि तेही त्याच सालचे. भारतीय वन कायदा 1878चा. मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही 1878चा. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रजांनी पोर्तुगालशी तह करून गोव्यातलं मीठ ताब्यात घेतलं. आमच्या इलाख्यातलं मीठ त्याच्या पाच वर्षं आधी, 1873च्या कायद्यानं, सरकारच्या मुठीत गेलंच होतं. म्हणजे पाचसहा वर्षांच्या आत डोंगरातलं लाकूड, झाडाची ताडी आणि खाडीचं मीठ या तिन्ही गोष्टींचा निर्णय गावातून उठला आणि मुंबईच्या कचेरीत जाऊन बसला. तो अजून पुरता परत आलेला नाही, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

मी माकुणसारची सून. आमच्या गावाच्या कुशीत खाडी आहे, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला रेल्वेची लाइन आणि तिच्या पलीकडे तांदूळवाडीचा डोंगर. मधल्या जमिनीत वाड्या: भाजीपाला, केळी, पानवेल. अर्ध्या दिवसाच्या चालीत माणूस खाऱ्या पाण्यापासून मोहाच्या झाडापर्यंत जाऊन येतो. जुन्या काळी या पट्ट्यातल्या घराला लागणारं जवळजवळ सगळं या अर्ध्या दिवसात मिळत असे. कापड, लोखंड, गूळ असल्या थोड्या गोष्टी तेवढ्या बाहेरून येत. बाकी देवाणघेवाण आपसातली. मीठ द्या, भात घ्या. सुकी मासळी द्या, भाजी घ्या. सगळं गोडीगुलाबीनं चालायचं असं मी म्हणणार नाही, ते पुढे येईलच. पण मीठ कुणी, कधी, किती काढायचं हे ठरवणारी माणसं मीठ काढताना दिसत तरी होती.

मीठ काढणं हे फार कसबाचं काम आहे. लांबून बघणाऱ्याला वाटतं, पाणी आत घ्यायचं आणि ऊन बाकीचं करतं. उधाणाच्या भरतीला उघाडी, म्हणजे बांधातला दरवाजा, उघडून खाडीचं पाणी पहिल्या मोठ्या तळ्यात घेतात. भांगाच्या भरतीला तेवढं पाणी चढत नाही, म्हणून तिथी पाठ असावी लागते. पहिल्या तळ्यात पाणी तापतं, मग त्याहून उथळ कप्प्यात सोडतात, मग आणखी उथळ. शेवटच्या कप्प्यांवर सगळी मेहनत. त्यांची जमीन हंगामाच्या सुरुवातीला पायांनी तुडवतात, पाणी देतात, पुन्हा तुडवतात, चोपतात, ती घोटीव होईपर्यंत. जमीन कच्ची राहिली तर मिठात चिखल येतो आणि ते मीठ कुणी घेत नाही. दाणे धरले की लाकडी फळीनं मीठ कडेला ओढायचं, बांधावर निथळत ठेवायचं, रास करायची आणि मृगाच्या आत गवतानं शाकारायची. एक अवकाळी सर आली की महिन्याची मेहनत पुन्हा पाणी होते. हे सगळं आगरी माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या केलं. त्यांच्या पायांच्या टाचा मिठानं चिरलेल्या असत. आमच्या आजेसासूबाई सांगत, मिठागरात काम केलेल्या बाईला चालण्यावरूनच ओळखता येई.

कंपनी सरकारनं मुंबई इलाख्यात मिठावर मणामागे 8 आणे कर बसवला तो 1837 साली. 1844मध्ये तो एकदम रुपयावर नेला तेव्हा सुरतेत लोक रस्त्यावर उतरले, आणि सरकारला तो 12 आण्यांवर आणावा लागला. तोवर मीठ करण्यावर फार बंधन नव्हतं, पण कर चुकवायला वाटाही पुष्कळ होत्या. शेकडो लहान आगरं, प्रत्येकाची आपली उघाडी, रात्री होडीत मीठ भरून न्यायला खाडी जवळच. किती मीठ निघतं आणि किती करातून सुटतं हे सरकारला कळेना. मग 1872 साली पेडर नावाच्या अधिकाऱ्याकडून चौकशी करवली आणि पुढच्या वर्षी कायदा केला.

या कायद्यापासून जे सुरू झालं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढे प्रत्येक वेळी तेच झालं. सरकारच्या दृष्टीनं अडचण मिठाची नव्हती, आगरांच्या संख्येची होती. मोठ्या आगराला एक चौकी पुरते. वीस लहान आगरांना वीस चौक्या लागतात आणि त्यांचा पगार कराच्या रकमेतून जातो. तेव्हा लहान, विखुरलेली आगरं बंद करायची, मीठ मोजक्या मोठ्या आगरांत एकवटायचं, भोवती पहारा बसवायचा. परवान्याशिवाय काढायचं नाही, अधिकाऱ्यासमोर मोजल्याशिवाय हलवायचं नाही. हिशेबाच्या वहीत हे बरोबरच दिसतं. पण ज्याचं लहान आगर बंद झालं त्याला त्याच खाडीवर दुसऱ्याच्या मोठ्या आगरात मजुरीला जावं लागलं. त्याचं कसब तेच राहिलं, त्याचं मत तेवढं गेलं. कुठल्या तळ्यात कधी पाणी घ्यायचं हे तो सांगू शकत होता, पण मीठ केव्हा विकायचं हे त्याच्या हातात उरलं नाही.

गोव्यात तर याहून पुढचं घडलं. 1878च्या तहानं तिथल्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हाती गेला. मोबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळत. तह बारा वर्षांचा होता. गोव्याचं मीठ स्वस्त, ते सीमेवरून इंग्रजी मुलखात येऊ नये म्हणून ही तजवीज. पैसे लिस्बनच्या सरकारला आणि पहारा इंग्रजांचा, मधे मिठागरवाल्यानं काय करायचं याचा विचार तहाच्या कुठल्याही बाजूला बसलेल्या माणसानं केला नाही.

कराचा आकडा कलकत्त्याहून ठरत होता. 1882मध्ये सगळ्या हिंदुस्थानासाठी मणामागे 2 रुपये, 1888मध्ये अडीच. मीठ काढायला येणारा खर्च त्यापुढे किरकोळ होता, माणूस मिठाला नव्हे तर कराला पैसे मोजत होता. नामदार गोखल्यांनी 1902 साली कलकत्त्याच्या कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिलंच भाषण केलं त्यात मिठावरचा कर कमी करा ही मागणी होती. 1903 ते 1907 या काळात तो टप्प्याटप्प्यानं 1 रुपयावर आला. हे त्यांच्या चिकाटीचं मोठं यश, आणि आमच्या भागात गोखल्यांचं नाव या कारणासाठी घेतलं जात नाही याचं मला वाईट वाटतं. पण आकडा दूर ठरत होता म्हणून तो दूरच्याच मर्जीनं पुन्हा चढला. 1923मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळानं वाढ फेटाळली तरी व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात कर सव्वा रुपयाचा अडीच केला. निवडून आलेल्या सभासदांनी नाही म्हटल्यावरही तो झाला. पुढच्या वर्षी तो सव्वावर परत आणला गेला, पण अधिकार कुणाचा हे त्या एका वर्षानं दाखवून दिलं.

आजेसासूबाईंच्या लहानपणी खाडीच्या कडेला, भरतीचं पाणी ओसरून वाळल्यावर, पांढरा पापुद्रा धरायचा. तो खरवडून घरी आणणं गुन्हा होता. पहारेकरी आला की असा पापुद्रा पायानं चिखलात कालवून टाकी. या गोष्टीचा राग त्यांच्या बोलण्यात म्हातारपणीही होता. मीठ चोरलं म्हणून मार खाल्लेल्यांच्या गोष्टी त्या सांगत, पण पायानं कालवलेल्या मिठाबद्दल बोलताना त्यांचा आवाज चढे. देवानं दिलेली वस्तू मातीत घालतात, हे त्यांना सहन होत नसे. दांडीला 6 एप्रिल 1930ला गांधीजींनी जे उचललं ते हेच, आपसूक धरलेलं मीठ. पुढे मार्च 1931च्या गांधी-आयर्विन करारात एक कलम आलं: मीठ होतं त्या भागाच्या लगतच्या गावांनी घरच्या वापरासाठी आणि गावातल्या गावात विकण्यासाठी मीठ गोळा करावं, बनवावं. करारावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली, भगतसिंगांच्या फाशीचा प्रश्न तर मोठाच होता. तरी किनाऱ्यावरच्या बायकांसाठी ते कलम फार मोलाचं होतं. केंद्राकडे गेलेली एक वस्तू, थोडीशी का होईना, गावाच्या नावानं परत आली होती.

आता ताडीकडे वळते. आमच्याकडे शेताच्या बांधावर ताड, वाडीत माड, माळावर शिंदी. भंडारी आणि आदिवासी माणसं ती छेवत. माड छेवायचा म्हणजे पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधून, ठोकून, तिचं टोक रोज पातळ कापायचं आणि खाली मडकं लावायचं. कापण्यात एखादा दिवस चूक झाली की रस थांबतो. 1878च्या कायद्यानं हे काम झाडागणिक करात आणि परवान्यात आणलं. विकायचं दुकान मक्तेदाराचं. डोंगरभागात मोहाची दारू पाड्यापाड्यांत गाळली जाई, तीही बंद झाली आणि ठाणे-कुलाब्यासाठीचं गाळप उरणच्या भट्ट्यांत एकवटलं. म्हणजे फुलं इथली, झाडं इथली, आणि दारू उरणहून मक्तेदाराच्या दुकानात येणार. तरीही चोरून गाळणं थांबेना, तेव्हा 1892 साली मोहाच्या फुलांवरच कायदा केला. फुलं साठवणं, नेणं-आणणं यावर बंधनं आली. मोहाचं फूल आदिवासी घरात वाळवून ठेवतात, भाताची कणगी संपल्यावर ते खातात, गुरांना घालतात. झाडाखाली पहाटे पडलेलं फूल वेचणारी बाई त्या कायद्यानं संशयित झाली.

मिठाचा आणि ताडीचा कारभार वेगळ्या खात्यांचा असेल असं वाटतं. तसं नव्हतं. मुंबईत एकच अधिकारी होता, कमिशनर ऑफ कस्टम्स, सॉल्ट, ओपियम अँड अबकारी. जकात, मीठ, अफू, दारू चारही त्याच्या टेबलावर. चार्ल्स प्रिचर्ड या अधिकाऱ्यानं मिठाच्या आणि अबकारीच्या खात्यांची अशी घडी बसवली. तो कर्तबगार होता, भ्रष्ट तर मुळीच नव्हता. मिठाची चोरी थांबवणं, दारूचं प्रमाण ताब्यात ठेवणं, उत्पन्न वाढवणं ही त्याची कारणं कागदावर वाजवी आहेत. केंद्राकडे सत्ता नेणारी कारणं बहुतेक वेळा वाजवीच असतात, आणि म्हणून त्यांच्याशी भांडणं अवघड जातं. जंगलाच्या बाबतीत ठाणे जिल्ह्यातल्या लोकांनी मात्र भांडण केलं, निवेदनं दिली, सभा घेतल्या, आणि 1885मध्ये सरकारला मुंबई फॉरेस्ट कमिशन नेमावं लागलं. त्या कमिशनपुढे गवत, राब, सरपण यांसाठी होणारे हाल मांडले गेले. भाताच्या रोपांच्या वाफ्यात जाळायच्या राबाला फांद्या तोडायच्या की नाहीत, हे ज्यानं भात लावलेलं नाही तो ठरवत होता, ही त्यातली मुख्य तक्रार.

या साऱ्याच्या मुळाशी आणखी जुना एक निर्णय आहे आणि तो नीट उलगडून सांगितला डॉ. आंबेडकरांनी. कोलंबिया विद्यापीठासाठी लिहिलेला त्यांचा प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा ग्रंथ 1925 साली लंडनला छापला गेला. 1833च्या सनदी कायद्यानं मुंबई आणि मद्रास इलाख्यांचे आर्थिक अधिकार काढून कलकत्त्याला नेले. त्यानंतर मुंबई सरकारला एक नवी नोकरीची जागाही वरच्या मंजुरीशिवाय निर्माण करता येईना. कर गोळा करायचा इलाख्यानं, खर्च ठरवायचा कलकत्त्यानं, तेव्हा काटकसर करण्यात कुणाचंच हित उरलं नाही, असं ते दाखवतात. 1871पासून लॉर्ड मेयोच्या योजनेनं काही खाती प्रांतांकडे दिली जाऊ लागली ती या अडचणीतून. आंबेडकरांचा हा ग्रंथ आमच्याकडे फार कमी वाचला जातो. ग्रामपंचायतीच्या प्रत्येक सदस्यानं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं.

पण तेच आंबेडकर 4 नोव्हेंबर 1948ला घटना समितीत खेड्याबद्दल फार कठोर बोलले. खेडं हे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं घर आहे, राज्यघटनेनं व्यक्तीला घटक मानलं हे चांगलं झालं, असा त्यांचा रोख होता. आमच्या जिल्ह्याकडे पाहिलं की त्यांचं म्हणणं पटतं. इथून उत्तरेला डहाणू, तलासरी, उंबरगावकडे सत्ता फार जवळ होती, जमीनदाराच्या वाड्यात. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी माणूस बायकोसकट आयुष्यभर राबायचा, त्याला लग्नगडी म्हणत. वेठीला मुंबईचा हुकूम लागत नसे. 1945मध्ये गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर यांच्या किसान सभेनं वारल्यांना उभं केलं, वेठ बंद झाली, आणि त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. पुढे कुळकायदा आला आणि 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला, तेव्हा कुळाच्या नावावर जमीन लावणारी सत्ता गावाबाहेरूनच आली. गावावर सोडलं असतं तर ती कधी लागली नसती. माझ्या सासरचे वाडीवाले. आमच्या पट्ट्यातल्या वाड्याही आदिवासी मजुरांच्या श्रमांवर उभ्या राहिल्या, त्यामुळे गावाकडे सत्ता द्या असं म्हणताना गावातल्या कुणाकडे, हे मला आधी सांगावं लागतं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा मिठाचं काय झालं? कर गेला. फेब्रुवारी 1947च्या अर्थसंकल्पात हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी तो रद्द केला आणि 1 एप्रिलपासून मीठ करमुक्त झालं. 1948मध्ये दहा एकरांपर्यंतच्या आगराला परवाना नको, असं ठरलं. हे दोन्ही निर्णय मोठे. पण राज्यघटनेत मीठ केंद्राच्या यादीत गेलं, 58वी नोंद. मीठ आयुक्तांचं मुख्य कार्यालय जयपूरला. सांभर सरोवरासाठी ते सोयीचं असेल, आमच्या खाडीपासून मात्र जयपूर हजार किलोमीटरच्या आसपास आहे. मोठ्या आगरांचा परवाना 1996पर्यंत चालू राहिला. त्यानंतर आयोडिनचा प्रश्न आला. आयोडिन नसलेलं मीठ खाण्यासाठी विकायला 1998मध्ये देशभर बंदी झाली, 2000मध्ये ती उठली, 2006मध्ये पुन्हा आली. गलगंड हा खरा आजार आहे, डोंगराळ भागात त्यानं पिढ्या पोळल्या आहेत, त्यामुळे बंदीमागचा हेतू मी नाकारत नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली म्हटलं की ज्या कायद्याखाली हा नियम केला त्या कायद्यात अशी बंदी बसत नाही, तरी लगेच उठवली तर गोंधळ होईल म्हणून सहा महिन्यांची मुदत दिली, आणि तोवर अन्नसुरक्षेचे नवे नियम आले, त्यात ती बसली. या सगळ्या प्रवासात फवारणीचं यंत्र, तपासणीची सोय, पाकीट आणि छाप ज्याला परवडतात तोच टिकला. हातानं रास करणारा आगरवाला आपलं मीठ बर्फाच्या कारखान्याला, कातड्याला, सुक्या मासळीला देऊ लागला. स्वतःच्या गावच्या किराणा दुकानात त्याचं मीठ चालेना.

आगर बंद पडलं की जमीन कुणाची हा प्रश्न उरतो. मुंबईत कांजुरमार्गला 2020 साली मेट्रोच्या कारशेडवरून केंद्र आणि राज्य न्यायालयात समोरासमोर आले ते मिठागराच्या जमिनीच्या मालकीवरून. ज्यांच्या पायांनी ती जमीन घोटीव केली त्यांच्यापैकी कुणी त्या खटल्यात नव्हतं. आमच्याकडे खाडीकाठच्या जमिनीत कोळंबीची तळी आली. त्यांची नोंदणी करणारं प्राधिकरण 2005च्या कायद्यानं झालं, ते चेन्नईला आहे. खाडीपासून किती अंतरावर काय बांधायचं याचा नियम 1991पासून दिल्लीचा. खारबंदिस्तीचे बांध राज्याच्या खारभूमी खात्याकडे. पूर्वी शेतकरी एकत्र येऊन बांध घालत. रायगडात अलिबाग-पेणकडे याला जोळ म्हणत, ज्याची जितकी जमीन तितकी त्याची मजुरी. 1948चा आणि मग 1979चा खारभूमी कायदा आला, बांध सरकारी झाले, निधी आला, काही चांगले बांधही झाले. पण बांधाला खांड पडलं की लोक कुदळ घेऊन धावायचे ते थांबले, अर्ज लिहू लागले. भरती अर्जाची वाट बघत नाही. एकदा खारं पाणी शिरलं की भाताची जमीन पुढचे काही पावसाळे गेली, आणि बरीच वर्षं गेली तर तिथं तिवरं उगवतात आणि मग ती तोडताही येत नाहीत.

अंतर कमी झालं ते एका बाबतीत. आमचा तालुका पूर्वी माहीम तालुका होता. केळवे-माहीम समुद्राकाठी, तिथं कचेरी, एके काळी नगरपालिकासुद्धा. 1864मध्ये मुंबईपर्यंत रेल्वे आली, वस्ती आणि व्यापार रुळाकडे सरकला, आणि तालुक्याची कचेरी पालघर स्टेशनाजवळ गेली. जिल्हा मात्र ठाणेच राहिला. दाखला, अपील, जमिनीची तक्रार, काहीही असो, सफाळ्याहून गाडीनं दादर, तिथून ठाणं. जव्हार-मोखाड्याच्या माणसाचा तर दिवस आणि मजुरी दोन्ही जात. 1 ऑगस्ट 2014ला पालघर जिल्हा झाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता, आजही आहे. तरी सूर्या नदीचं उदाहरण डोळ्यांपुढून जात नाही. धामणीचं धरण डहाणू, विक्रमगड, पालघर या तालुक्यांतल्या शेतीसाठी, विशेषतः आदिवासी शेतीसाठी बांधलं. त्यातलं पाणी वसई-विरार आणि मीरा-भाईंदरकडे वळलं. दिवसाला 403 दशलक्ष लिटरच्या एका योजनेतलं 218 मीरा-भाईंदरला, 185 वसई-विरारला. शहरातल्या माणसालाही तहान लागते आणि त्याच्या नळाला पाणी मिळालंच पाहिजे. पण जिल्हाधिकारी तासाभराच्या अंतरावर आले म्हणून पाण्याचा निर्णय तासाभराच्या अंतरावर आला नाही.

मी आमच्या भागातल्या एका ग्रामपंचायतीत एक कारकीर्द सदस्य होते. 73व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींसाठी 29 विषयांची यादी घटनेत घातली आणि बायकांना जागा राखल्या, नाहीतर मी त्या खुर्चीवर बसलेच नसते. चौदाव्या वित्त आयोगाच्या वेळी केंद्राचा पैसा थेट ग्रामपंचायतीला मिळाला आणि त्यातला बहुतेक आम्ही ठरवू तसा खर्च करता येत होता. पंधराव्या आयोगात साठ टक्के रक्कम बंधित झाली, पाणी आणि स्वच्छतेसाठीच. अबंधित चाळीस. पाणी आणि स्वच्छता ही महत्त्वाचीच कामं. पण त्या वर्षी आमच्या शिवारातली उघाडी मोडली होती, दरवाजाची फळी कुजून भरतीचं पाणी आत येत होतं. बंधित खात्यात रक्कम पडून, अबंधितातली दिवाबत्तीत गेलेली, आणि उघाडी ग्रामपंचायतीच्या अखत्यारीत नाही असं उत्तर आम्हाला मिळालं. एका सुताराचं आणि चार माणसांचं दोन दिवसांचं काम. शेवटी ज्यांची शेतं होती त्यांनी वर्गणी काढली, जुन्या माणसाला विचारून सागाची फळी बसवली आणि गळती थांबवली. त्या माणसानं फळीच्या कडेला गोणपाट आणि चिकणमाती कशी भरायची ते दाखवलं. हे ज्ञान कुठल्याही अंदाजपत्रकात नाही.

काही गोष्टी उलट दिशेनंही सरकल्या आहेत आणि त्या मोठ्यानं सांगायला हव्यात. 1996च्या पेसा, म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींच्या, कायद्यानं आणि 2006च्या वनहक्क कायद्यानं गौण वनोपजाची मालकी अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेकडे, वनहक्कधारकांकडे आली. 2021मध्ये राज्य सरकारनं मोहाची फुलं गोळा करण्यावरचे आणि साठवण्यावरचे निर्बंध उठवले. 1892पासून मोजलं तर सव्वाशेहून अधिक वर्षं लागली. पालघर तालुक्यातला काही भाग पेसात आहे, काही नाही. एका पाड्यातल्या ग्रामसभेला जो अधिकार आहे तो शेजारच्या पाड्यातल्या ग्रामसभेला नाही. ज्या पाड्यांना आहे त्यांनी तो वापरावा, फुलांचा दर स्वतः ठरवावा, नोंदवही स्वतः ठेवावी आणि त्या नोंदवहीवर बाईची सही असावी.

खाडीकडे असा कायदा नाही. जंगलावर ग्रामसभेचा हक्क मान्य झाला तसा खारजमिनीवर, उघाडीवर, बंद पडलेल्या आगरावर मान्य झालेला नाही. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा भरतात. पुढच्या सभेसाठी मी लेखी विषय दिला आहे: शिवारातले सर्व बांध आणि उघाड्या यांची यादी गावानं करावी, प्रत्येकीवर कुणाची शेतं अवलंबून आहेत ते लिहावं, दुरुस्तीसाठी अबंधित निधीतला ठराविक हिस्सा बाजूला ठेवावा, आणि कुळं, मजूर, आगरात काम केलेले लोक यांचे प्रतिनिधी यादी करणाऱ्या समितीत असावेत. यादीचं काम आम्ही तिघीजणींनी सुरू केलं आहे. खाडीच्या दक्षिण काठाचं झालं, उत्तरेचं बाकी आहे.